पाणकराची बारी

मुखरूला गावानं पाणकर केलं त्यात त्याच्या कुठल्या गुणाचा संबंध नव्हता. बाकी सगळी नावं एकेक करून गळाली आणि त्याचं नाव गाळायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच.

मालगुजारी नुकतीच गेली होती. भेजटोल्याचा तलाव सरकारचा झाला होता आणि सरकार बसलं होतं चांद्याला. कुणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं हे सांगायला ते काही रोज येणार नव्हतं. म्हणून पंचायतीनं ठरवलं की पाणी वाटायला आपलाच एक माणूस नेमावा. त्या माणसाला आमच्याकडे पाणकर म्हणतात. कुणब्यांनी सुचवलेला माणूस तेल्यांना चालेना, तेल्यांचा ढिवरांना चालेना, महारांचा कुणालाच चालेना, आणि गोंडांना कुणी विचारलंच नाही. दुपार कलली तशी सरपंच दादाजी वैतागून म्हणाले, "मुखरू काऊन नाई? तो तं कोणाचाच नाई."

ते खरं होतं. मुखरू जातीनं तेली, पण आलापल्लीच्या जंगलात काही वर्षं राहून आलेला. तिथं गोंडांच्या हातचं खाल्लं म्हणून जातवाल्यांनी त्याला प्रायश्चित्ताचं जेवण मागितलं होतं. हा म्हणाला, "देतो. पण आलापल्लीचा माहा कोलूदादा पंगतीत बसन." तेव्हापासून जेवणही अडलं आणि जातही अडली. तो जातीत होता म्हटलं तर होता, नव्हता म्हटलं तर नव्हता.

मी त्या गावच्या शाळेत मास्तर होतो. मूळचा वरोऱ्याचा, म्हणजे कापसाच्या मुलखातला. पऱ्हाटी एकदा उभी राहिली की तिला फार लाडावून ठेवावं लागत नाही. धानाचं तसं नाही. धान म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. पोटात दाणा धरायच्या वेळी तिला पाणी कमी पडलं की सगळं संपलं. सावली तालुक्यात येऊन मला हे शिकायला दोन हंगाम लागले, आणि तिसऱ्या हंगामापासून मीही गावकऱ्यांसारखा आभाळाकडे बघत मुलांचे पाढे घेऊ लागलो.

तलाव गावाच्या वरच्या अंगाला. त्याच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, पोटात पाणी सोडायचं तोंड, त्याला तुडूम म्हणतात. त्याला एकाखाली एक भोकं, आणि भोकांत लाकडाचे दट्टे. दट्टा काढला की पाणी पाटात येतं, आणि पाट उतरत उतरत शेतांच्या कडेनं खाली जातो. पाटाच्या डोक्याशी गुणवंतरावांचं शेत. ते जुने मालगुजार. त्यांच्या खाली कुणब्यांची, मग तेल्यांची, मग ढिवरांची, आणि अगदी शेवटी, पाट जिथं ओढ्याला मिळतो तिथं, मुखरूचं एक, त्याखाली चैतूचं एक आणि सगळ्यात खाली गोंडांची दोन. चैतू जुन्या महार मोहल्ल्यातला. मुखरूच्या बापानं कधी काळी ती जमीन जंगल तोडून काढली होती, म्हणून तेली असून तो तिथं. आमच्या गावची सारी जातव्यवस्था त्या पाटाच्या कडेनं चालत गेलं की समजायची, पुस्तक लागत नव्हतं.

लोक म्हणतात, सोसलेला माणूस दुसऱ्याचं दुःख जाणतो. मला हे कधी पटलं नाही. माझ्या पाहण्यात तरी सोसलेला माणूस आपली पाळी यायची वाट पाहत असतो. जाच सोसलेली सून पुढं सासू होते तेव्हा काय करते ते आपण सगळे जाणतो. म्हणून मुखरूची गोष्ट सांगताना मला त्याला साधुसंत करायचं नाही. तो तसा नव्हताच. तो चिडका होता, सदा जांभया द्यायचा, आणि त्याच्या पायांना बारा महिने चिखल्या असायच्या.

त्याच्यावर जे गुदरलं ते मालगुजारीच्या काळात, दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हा. त्याही साली पाऊस दगा देऊन गेला होता. रिवाजाप्रमाणं वरची शेतं भिजली आणि खालच्यांची बारी आली. बारी म्हणजे पाणी घ्यायचा नंबर. मुखरूच्या बारीच्या दिवशी गुणवंतरावांना वाटलं, आपल्या शेताला आणखी एक पाणी द्यावं. ते तेव्हा धडधाकट होते, नुकताच कारभार हातात आलेला. त्यांनी पाट आपल्या शेताखाली मातीनं बंद करवला. मुखरू दुपारपर्यंत वाट पाहत बसला, मग वर गेला, पाहिलं, आणि हातानं माती काढली.

त्याला पाणीचोर ठरवून चावडीजवळच्या कडुनिंबाला बांधलं. सगळं गाव बघत होतं. त्याच्याच बारीचं पाणी त्यानंच चोरलं असा तो न्याय होता. मार किती बसला हे मुखरूनं मला कधी सांगितलं नाही. रुखमानं, त्याच्या बायकोनं, सांगितलं. तो एवढंच म्हणायचा, "मार तं ठीक हाय, गुरुजी. पण पाट बंद होता नं तेव्हा. मले बांधून ठेवलं अन् तिकडे धान वाळून राह्यलं होतं. मले दिसत होतं तिथूनच."

पीक गेलं. घरात दाणा उरला नाही. शेत चुलतभावाच्या हवाली करून नवराबायको आलापल्लीला सागाच्या कटाईवर गेले.

आलापल्लीची ती वस्ती म्हणजे नुसता काला होता, असं तो सांगायचा. माडिया, गोंड, सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे, छत्तीसगढी आणि सावलीकडचे सगळे जातीजातीचे भुके. एकाचं एकाला समजत नव्हतं. पहिले काही दिवस मुखरू आपली चूल वेगळी मांडून जात सांभाळत बसला. चुलीवर ठेवायला काही नव्हतं, पण चूल वेगळी होती.

एकदा वस्तीतल्या कोलूनं रानडुक्कर मारलं. कोलू माडिया, वयानं मोठा, मराठी मोडकीतोडकी बोलायचा. त्यानं सागाची पानं ओळीनं अंथरली. झोपडी तेवढी पानं. त्यात महारांच्या झोपड्यांची पानं आली, तेलुगूवाल्यांची आली, मुखरूचंही एक आलं. कोलू मांस कापून पानापानावर ठेवत गेला, इथलं थोडं तिथं, तिथलं थोडं इथं. मग सगळ्यांना म्हणाला, उचला. मुखरू दूर उभा राहिला. रुखमा म्हणाली, "तुमाले नसन खायाचं तं नका खाऊ. पण वाटा माह्या हाती येऊ द्या." आणि तिनं पान उचललं.

सगळ्यांनी उचलल्यावर जे पान उरलं ते कोलूनं घेतलं. मुखरूनं विचारलं, "दादा, शिकार तुझी. तू पह्यले काऊन नाई घेत?"

कोलू म्हणाला, "हिल्ले. नाई. वाटे करणारा आखरी घेते. मी पह्यले घेतला तं कापतानाच डोळा फिरन."

आमच्या शाळेच्या पुस्तकात नागरिकांच्या कर्तव्यांवर एक धडा होता. मी तो दर वर्षी शिकवायचो आणि मुलं दर वर्षी विसरायची. कोलूचा धडा मुखरूला असा बसला की जन्मभर उठला नाही. त्यात त्याचं भलं झालं का, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.

मालगुजारी गेल्याचं ऐकून तो परत आला, आणि वर सांगितलं तसा पाणकर झाला. पहिल्याच बैठकीत त्यानं आपले नियम सांगितले. एका साली पाणी वरून खाली, दुसऱ्या साली खालून वर. कुणाचीही बारी कुणासाठी मागंपुढं होणार नाही. आणि पाणकराचं शेत दर साली शेवटी. पहिले दोन नियम ऐकून वरची मंडळी कुरकुरली. तिसरा ऐकून गप्प झाली, कारण शेवटी राहायची तयारी असलेल्या माणसाशी भांडायचं कसं हे त्यांना उमगलं नाही.

काही वर्षं ते सुरळीत चाललं. पाऊस बरा होता, सगळ्यांना पाणी पुरायचं, आणि पुरतं तेव्हा न्याय करायला काय लागतं. मुखरू पाळीवरच एक खोपी घालून राहायचा. मी संध्याकाळी शाळा आटोपून तिकडे जाऊन बसायचो. तो बोलता बोलता पेंगायचा.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. मृग वेळेवर लागला, रोवणे झाले, पोळा चांगला झाला. मग आभाळानं तोंड फिरवलं. उत्तरा कोरडी गेली. हस्ताच्या हत्तीनं तरी सोंड हलवावी म्हणून लोक वाट पाहत राहिले, तोही कोरडा गेला. धान गर्भात होतं. तलाव मुळातच अर्धा भरलेला. आणि ते साल होतं खालून वर जायचं.

वरच्या मंडळींनी दादाजींना गाठलं. म्हणाले, साल वेगळं आहे, नियम या सालापुरता बाजूला ठेवा, वरून सुरू करा. दादाजी म्हणाले, पाणकराला विचारा. पाणकर म्हणाला, "पाऊस चांगला असते तेव्हा नियम लागत नाई जी. आताच तं लागते." आणि त्यानं दट्टा काढला.

पाणी पहिल्यांदा निघालं ते सगळ्यांची शेतं मागं टाकत थेट तळाला. वाटेत वरच्यांची तहानलेली शेतं दोन्ही कडांना उभी, आणि त्यांची तोंडं मातीनं बंद. मला ते बघवलं नाही. आधी गोंडांची शेतं भिजली. मग चैतूच्या शेताची बारी आली. मागच्याच साली त्याच्या मोहल्ल्यानं बौद्ध धम्म घेतला होता आणि तेव्हापासून गावातल्या काहींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याच लोकांच्या डोळ्यांसमोरून ते पाणी चैतूच्या शेतात जात होतं.

ते जात होतं मुखरूच्या बांधाला घासून.

मी तिथं पोचलो तेव्हा रुखमा बांधावर उभी होती. मुखरू आपल्या शेताच्या तोंडावर मातीचं ढेकूळ पायानं दाबत होता, कारण तिथून पाणी झिरपत होतं. रुखमा मला म्हणाली, "गुरुजी, तुमी शिकले-सवरले मानसं. पाहा बरं. पाणी आपल्या दारातून जाऊन राह्यलं, अन् हा मानूस दार लावून राह्यला."

खरं सांगायचं तर ती बरोबर होती. तेच पाणी आज घेतलं तर वाटेतच मिळत होतं. नंतर घ्यायचं तर तलावापासून पुन्हा सगळा पाट भिजवत तळाला आणावं लागणार, म्हणजे निम्मं पाटच पिऊन टाकणार. मी मुखरूला तसं म्हटलं. तो म्हणाला, "समजते मले."

"मग घे ना."

"आज माह्यं तोंड खोललं तं उद्या वरच्यायले कोण्या तोंडानं सांगू, थांबा म्हून?"

"अन् मंग पाणी सपलं तं?" रुखमानं विचारलं.

"सपलं तं सपलं."

रुखमा म्हणाली, "त्या साली त्यायनं आपलं तोंड बंद केलं. औंदा तुमी बंद करून राह्यले. माह्या धानाले काय फरक समजन?"

मुखरूनं आणखी एक ढेकूळ तोंडावर दाबलं. ती घरी निघून गेली आणि त्या दिवसापासून तिनं त्याची भाकर पाळीवर आणणं बंद केलं. चैतूची बायको दोन दिवस घेऊन आली, तर रुखमानं तिलाही झापलं. मुखरू मग स्वतःच घरी जाऊन खाली मान घालून जेवून यायचा.

पाणी वर सरकत गेलं. ढिवरांची शेतं झाली, तेल्यांची झाली, कुणब्यांची झाली. रोज पाळीवरून बघितलं की तलाव आणखी आत गेलेला दिसायचा. कडेचा चिखल तडकत होता. शेवटचं, सगळ्यात खालचं भोक उघडायची वेळ आली तेव्हा शेतं उरली दोन. एक पाटाच्या डोक्याशी, गुणवंतरावांचं. एक शेपटाशी, मुखरूचं. बारी गुणवंतरावांची आणि मग पाणकराची. आणि पाणी, बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं, एकाचंच होतं. त्याच्या खाली राहील ते ढोरांना प्यायला लागणार होतं, त्याला हात लावायचा नव्हता.

गावात दुसरं बोलणं राहिलं नाही. आणि मौज अशी की आता मुखरूनं पाणी घ्यावं असंच जो तो म्हणू लागला. ज्यांची शेतं भिजून झाली होती ते तर जास्तच. दादाजी म्हणाले, "घेऊन टाक बाप्पा. कोणी काही म्हणत नाई." चैतू म्हणाला, "त्यायचा अन् तुहा हिसाब जुना हाय. आज बराबर होते." मीसुद्धा म्हणालो. मी उदात्त बोललो नाही, सरळ म्हणालो, की ज्यानं तुला झाडाला बांधलं त्याचं धान वाळताना एकदा बघ, मग शांत झोप लागेल. मुखरूनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. जांभई दिली.

त्या संध्याकाळी मी पाळीवर बसलो होतो, तर पलीकडून गुणवंतराव येताना दिसले. मालगुजारी गेल्यापासून त्यांनी पाळीवर पाय ठेवला नव्हता. केस पिकले होते, चालताना काठी लागत होती. ते येऊन उभे राहिले. मुखरू उठला. सवयीनं उठला असेल.

"किती हाय पाणी?" गुणवंतरावांनी विचारलं.

"एका शेताचं हाय जी."

"अन् शेतं दोन."

"हो जी."

गुणवंतराव तलावाकडे पाहत होते. मग म्हणाले, "तू घेशीन तं माह्यं काही म्हणणं नाई. पण मी मागाले आलो असं समजू नोको."

"नाई समजत जी. उद्या तुमची बारी हाय. सकाळी एखादा मानूस पाठवा, तुमचा खालच्या अंगाचा बांध फुटला हाय. तो बुजवला नाई तं पाणी वाया जाईन."

गुणवंतरावांचा चेहरा एकदम उतरला. शिवी खाऊनही माणूस इतका उतरत नाही. ते हळू म्हणाले, "मुखरू, तुले मले लाजवाचं हाय का?"

"बारी तुमची हाय जी," मुखरू म्हणाला. "लाजाचं तुमी पाहून घ्या."

ते गेल्यावर मी मुखरूवर संतापलो. मी त्याला मूर्ख म्हणालो. हा कसला न्याय, की ज्यानं पाप केलं त्याचं शेत भिजावं आणि ज्यानं मार खाल्ला त्याच्या बायकोनं उपाशी राहावं. तो ऐकत होता. मग खाली बसला आणि पाय चोळत म्हणाला, "मनात नाई येत असं वाटते का तुमाले? लई येते, गुरुजी. आलापल्लीले होतो तेव्हा रोज हेच पाहो. त्याचं धान वाळून राह्यलं, अन् मी बांधावर बसून बिडी पिऊन राह्यलो. लई गोड वाटे."

"मग?"

"मंग का. मी आपलं उट्टं काढलं असतं. उद्या चैतूनं मोहल्ल्याचं काढलं असतं. त्यायचं तं माह्याहून मोठं हाय. पाणी राह्यलं असतं बाजूले." तो खोपीच्या खांबाला टेकला. "दमलो जी. भांडाची ताकद नाई राह्यली आता. नेमानं चाललं तं भांडा नाई लागत, म्हून नेमानं चालतो. दुसरं काही नाई."

मला वाटतं, तो तेव्हा खरं बोलत होता. लोकांनी पुढं त्याच्या या वागण्याला फार मोठी मोठी नावं दिली. पण मी समोर बसलो होतो. तो माणूस दमलेला होता.

सकाळी गुणवंतरावांचा माणूस आला, बांध बुजवला, आणि मुखरूनं शेवटचं भोक उघडलं. दिवस मावळायच्या आत त्यांचं शेत भिजलं. मग ढोरांचं पाणी राखून उरलंसुरलं मुखरूच्या नावानं पाटात सोडलं, ते अर्ध्या वाटेतच मुरलं. तो त्या पाण्याच्या मागं मागं चालत गेला होता. जिथं ते संपलं तिथं उभा राहिला आणि परत फिरला. स्वाती पडल्या तर माणिकमोती पिकतात म्हणतात. त्या सालच्या स्वाती कुठं पडल्या कुणास ठाऊक, आमच्याकडे नाही पडल्या.

कापणीला गावात ज्याच्या त्याच्या शेतात थोडंफार काही होतं. मुखरूच्या लोंब्या उभ्या होत्या त्या नुसत्या पोचट. ढोरांसाठी म्हणून कापल्या. आणि घरात दाणा हवा म्हणून रुखमा मजुरीनं कापायला गेली ती गुणवंतरावांच्या शेतात. गावात त्या साली तेवढं भरलेलं धान दुसऱ्या कुठं नव्हतं. ओळीत वाकून कापता कापता ती बाकीच्या बायांना म्हणाली, "जरा जपून कापा वं. माह्यं पाणी हाय त्यात." बाया हसल्या, आणि मग विळे हळू चालू लागले. हे मला चैतूच्या बायकोनं सांगितलं.

धान मळून झालं तशी पंचायतीची बैठक भरली, शाळेच्या ओसरीवर. पुरुष ओसरीत, बाया विहिरीजवळ. पाणकर पुन्हा नेमायचा होता. त्या बैठकीला गुणवंतराव आले. पंचायत झाल्यापासून ते पहिल्यांदा आले होते, आणि चटईवर सगळ्यांच्यात बसले. दादाजींनी विषय काढला तसे तेच पहिले बोलले.

"माह्यं एक म्हणणं हाय," ते म्हणाले. "पाणकरानं पह्यले आपल्या शेतात पाणी घ्यावं. मंग बाकीच्यायले द्यावं. रात्रंदिवस मेहनत त्याची, अन् त्यानंच उपाशी राहावं हे बरं नाई."

एवढं बोलायला त्यांना काय पडलं असेल ते सगळ्यांना कळलं. ओसरीभर माना डोलल्या. दादाजींनी सुटकेचा श्वास टाकला. मलाही बरं वाटलं, खोटं का सांगू. वाटलं, चला, उशिरा का होईना, झालं. मी मुखरूकडे पाहिलं. तो खांबाला टेकून बसला होता, त्यानंही मान हलवली. बरं, म्हणाला. त्याला आता सगळंच बरं होतं.

विहिरीजवळून रुखमा उठली. ओसरीच्या पायरीपर्यंत आली. आमच्या बैठकीत बाई बोलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, पण तिला थांबवायलाही कुणी धजलं नाही.

"माह्यं धान तं गेलं," ती म्हणाली. "मालगुजाराच्या शेतात गेलं. मी माह्या हातानं कापलं ते. आता तुमी दया करून नेम फिरवता. पाणकराले पह्यलं पाणी भेटते म्हटलं तं उद्या पाणकर कोण होईन? आमचे हे होतीन? ज्यायचा जोर हाय ते होतीन. मंग खालच्यायचं तोंड कोण खोलन?"

ती एक पायरी वर चढली.

"मी नवऱ्याशी भांडली. त्याची भाकर बंद केली. रडली. आता नेम मोडला तं ते सारं फुकट गेलं. माह्यं धानई फुकट गेलं. मले नाई पाह्यजे तुमची दया. नेम राहू द्या."

गुणवंतराव मान खाली घालून बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "राहू द्या." दादाजींनी ते सगळ्यांना पुन्हा सांगितलं, नियम आहे तोच राहील.

"मंग पाणकर कोण?" त्यांनी विचारलं. "मुखरू?"

"मले सोडा आता," मुखरू म्हणाला. "नाई होत."

जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता. पोचट लोंब्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. मग मागून, पायरीच्या कडेला बसलेला चैतू उठला. "मी करतो," म्हणाला. "शेवटची बारी माह्यी."

वरच्या मंडळींत चुळबुळ झाली. एकदोघांनी घसे खाकरले. सगळ्या गावाचं पाणी चैतूच्या हातात द्यायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण शेवटची बारी घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि स्वतः तयार नसताना दुसऱ्याची जात काढायची छाती कुणाची झाली नाही. दादाजींनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

"ठीक हाय तं मंग," ते म्हणाले.

"थांबा," रुखमा म्हणाली. ती चैतूकडे वळली. "चैतूभाऊ, आधी घरी जा. बाईले इचारून ये."

चैतूनं तिच्याकडे पाहिलं, मग मुखरूकडे पाहिलं, आणि चपला घालून घरी गेला. तो येईपर्यंत आम्ही सगळे तिथंच बसून राहिलो.